बिनतारी जाळ्यांचे परीक्षण : एका निकषाची समीक्षा

बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेविषयी विद्यापीठीय वर्तुळात जे लेखन होते त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात परीक्षणाच्या साधनांची ओळख करून देणारी पुस्तके व प्रबंध येतात. दुसऱ्यात एखाद्या शहरातील अथवा परिसरातील जाळ्यांची पाहणी करून त्यांपैकी किती ‘सुरक्षित’ व किती ‘असुरक्षित’ याची कोष्टके मांडणारे निबंध. दोन्ही वर्गांतील लेखकांचा परिश्रम निर्विवाद आहे. परंतु या लेखनाच्या मुळाशी जो निकष गृहीत धरलेला असतो त्याची चिकित्सा क्वचितच झालेली आढळते. जाळ्यात शिरताना परवलीचा शब्द विचारला जातो की नाही, हा तो निकष होय. विचारला गेला तर जाळे बंद, म्हणून सुरक्षित. न विचारला गेला तर उघडे, म्हणून असुरक्षित. हा निकष इतका सोपा आहे की तो कोठून आला, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो आला २००८ साली. त्या वर्षीच्या २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्यांच्या काही मिनिटेच आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक विद्युत्-संदेश पोहोचला. त्याचा माग काढीत तपास नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत आला. त्या घरातील रहिवाशाचा संदेशाशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरातील वाय-फाय मात्र कोणालाही वापरता येईल असे उघडे होते. ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कार्यालयाच्या जाळ्याचा असाच उपयोग करण्यात आला. दोन महिन्यांच्या आत तीनदा परक्याच्या दारातून पत्र टाकले गेले, आणि प्रत्येक वेळी पोलीस त्या दाराच्या मालकापाशी जाऊन उभे राहिले.

यावरची प्रतिक्रिया स्वाभाविक होती. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी जाळी शोधण्याचे व त्यांच्या मालकांना नोटिसा देण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने सेवादात्या कंपन्यांना निर्देश दिले : वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख केंद्रीय पद्धतीने पटवावी, सार्वजनिक ठिकाणी छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत घ्यावी अथवा भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून त्याद्वारे प्रवेश द्यावा. विमानतळावर, रेल्वेस्थानकावर किंवा उपाहारगृहात आज आपला क्रमांक देऊन सहा आकडे मिळवावे लागतात, त्याचे मूळ या निर्देशांत आहे.

या निर्देशांचा हेतू समजून घेतला म्हणजे निकषातील गफलत दिसू लागते. शासनाचा प्रश्न होता : हे जाळे कोणी वापरले? तो प्रश्न ओळखीचा आहे. जाळे वापरणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा असतो : आपले बोलणे आणखी कोण ऐकत आहे? हा प्रश्न गुप्ततेचा. पहिल्या प्रश्नाचे समाधान झाले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप होते, अशी समजूत त्यानंतरच्या लेखनात रूढ झाली. वस्तुस्थिती उलट आहे. भ्रमणध्वनीवर आकडे मागणाऱ्या बहुतेक हॉटस्पॉटांत ओळख पटविण्याचे काम एक पान करते. हवेतून जाणाऱ्या लहरींवर कोणतेही कूटलेखन केलेले नसते. म्हणजे निर्देशांचे तंतोतंत पालन करणारे जाळे कान देऊन बसलेल्या माणसाला पूर्णपणे मोकळे असू शकते. याउलट २०१८ पासून वाय-फाय अलायन्सच्या प्रमाणीकरणात अशी एक पद्धत आली आहे की जीत परवलीचा शब्द मुळीच नसतो, तरी प्रत्येक वापरकर्त्याचे संभाषण स्वतंत्रपणे कूटबद्ध होते. शब्द आहे आणि गुप्तता नाही, शब्द नाही आणि गुप्तता आहे, ही दोन्ही रूपे शक्य असताना शब्दाच्या अस्तित्वावर कोष्टके बांधण्यात काय हशील आहे?

कुलूप आहे म्हणून घर सुरक्षित, ही कल्पना तर याहूनही आधीच बाद ठरली होती. ८०२.११ हे बिनतारी जाळ्यांचे मानक १९९७ मध्ये निघाले तेव्हा त्यासोबत ‘वेप’ नावाची कूटपद्धती आली. तिच्यात प्रत्येक पॅकेटासाठी चोवीस बिटांचा एक आरंभांक उघड पाठविला जाई व तो मूळ किल्लीला जोडून नवी किल्ली बनविली जाई. चोवीस बिटांतून सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख आरंभांक होतात. गजबजलेल्या जाळ्यात ते लवकरच संपतात व पुन्हा वापरावे लागतात. २००१ मध्ये फ्लुरर, मान्टिन व शमीर यांनी दाखवून दिले की काही विशिष्ट आरंभांकांतून मूळ किल्लीच पाझरते. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवले. मुंबईत २००९ साली उघड्या जाळ्यांचा शोध जाहीर झाला तेव्हा ‘वेप’ वापरणारी जाळी बंद, म्हणून निर्दोष, ठरत होती. शोधाचा निकष शास्त्राच्या आठ वर्षे मागे होता.

‘वेप’ची जागा घेणारी ‘डब्ल्यूपीए-दोन’ ही पद्धती २००४ पासूनची. तिचे कूटलेखन भक्कम आहे, आणि नेमका येथेच परीक्षकाचा विवेक कसाला लागतो. त्यासाठी उदाहरण एखाद्या मोठ्या कार्यालयाचे न घेता काशीदचे घ्यावे. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, मुरूडच्या वाटेवरचे हे किनाऱ्याचे गाव. पुढे पांढऱ्या वाळूचा किनारा, मागे फणसाडचे रान, आणि रस्त्याच्या दोहो बाजूंना घरगुती निवास. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून माणसे येतात. पूर्वी ती खोलीला पंखा आहे का असे विचारीत. हल्ली वाय-फाय आहे का असे विचारतात. अशा निवासांत परवलीचा शब्द सामान्यतः भिंतीवर, जेवणाच्या टेबलावर किंवा खोलीच्या किल्लीला अडकविलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असतो, आणि वर्षानुवर्षे तोच असतो.

प्रचलित कोष्टकात हे जाळे कोणत्या रकान्यात पडेल? निःसंशय ‘सुरक्षित’ या रकान्यात. कूटपद्धती आधुनिक आहे, शब्द आहे, कदाचित तो लांबही आहे. परंतु ‘डब्ल्यूपीए-दोन’च्या सामायिक शब्दाच्या रूपात प्रत्येक वापरकर्त्याची तात्पुरती किल्ली दोन गोष्टींतून तयार होते : तो सामायिक शब्द, आणि जाळ्याशी जुळताना उभय बाजूंनी उघडपणे पाठविलेले काही आकडे. ज्याला शब्द ठाऊक आहे व ज्याने जुळणीचा तो क्षण टिपला आहे, त्याला शेजारच्या खोलीतील संभाषणाचे कूट उलगडता येते. त्यासाठी काहीही ‘फोडावे’ लागत नाही. वायरशार्क हे सर्वत्र मोफत मिळणारे पृथक्करणाचे साधन शब्द पुरविला असता हे काम करते. भिंतीवरच्या पुठ्ठ्याने कुलूप उघडे केलेले असते, आणि कोष्टक मात्र कुलपाची जात नोंदवून थांबते.

येथे साधनांविषयी थोडे तारतम्याने लिहिणे आवश्यक आहे, कारण साधनांची यादी देणे म्हणजेच परीक्षण करणे असा समज प्रबंधांतून बळावला आहे. किस्मेट हे साधन स्वतः काही न बोलता केवळ ऐकते. हवेत कोणकोणती जाळी आहेत, कोणत्या वाहिनीवर आहेत, कोणती यंत्रे त्यांना जोडलेली आहेत, हे ते सांगते. वायरशार्क एकेक पॅकेट उलगडून दाखविते. एअरक्रॅक-एनजी हा उपकरणांचा संच ‘वेप’ची किल्ली गणिताने काढतो; ‘डब्ल्यूपीए-दोन’च्या बाबतीत मात्र त्याला गणिताने काही साधत नाही, तो शब्दसूचीतील एकेक शब्द लावून पाहतो. प्रत्येक शब्दासाठी चार हजार शहाण्णव आवर्तने करावी लागतात, म्हणून काम मंद होते. पण गावाचे नाव व पुढे एक-दोन-तीन असा शब्द असेल तर मंदपणाचा उपयोग काय? शब्द सापडला तर त्यातून शब्दाची निवड दुबळी होती एवढे सिद्ध होते. सापडला नाही तर जाळे सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही; परीक्षकाच्या सूचीत तो शब्द नव्हता, एवढेच. हा तर्काचा अगदी प्राथमिक भेद आहे, आणि तरीही ‘फोडता आले नाही’ या वाक्यावर अनेक प्रबंधांचे निष्कर्ष उभे असतात.

तटबंदीची उपमा या गोंधळाला खतपाणी घालते. रायगड जिल्ह्यातील व्याख्यात्याला जंजिऱ्याचे उदाहरण सुचणे साहजिक आहे. काशीदहून तो फार दूर नाही, आणि मराठ्यांना तो कधीही जिंकता आला नाही. परंतु जंजिऱ्याचे संरक्षण मुख्यतः पाण्याने केले. १६८१-८२ च्या मोहिमेत संभाजीराजांनी ते पाणीच बुजवून वाट करण्याचा घाट घातला, यावरून पाण्याचे मोल कळते. बिनतारी जाळ्याला असे पाणी नाही. त्याच्या लहरी भिंत ओलांडून सुरूच्या बनात, रस्त्यावर व शेजाऱ्याच्या पडवीत जातात. तटाआड जे आहे ते आपले, ही भावनाच येथे लागू पडत नाही.

इतिहासातून उपमा घ्यायचीच तर ती तोतयाची घ्यावी. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणारा एक पुरुष रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटला आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभारले. अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला व पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. लोक त्याच्यामागे गेले ते नाव आणि चेहरेपट्टी पाहून. वाय-फायचे यंत्रही असेच करते. ओळखीच्या नावाचे जाळे दिसले आणि शब्द जुळला की लॅपटॉप किंवा भ्रमणध्वनी निमूटपणे त्याला जाऊन मिळतो. ते नाव खऱ्या राउटरने उच्चारले की किनाऱ्यावर गाडीत बसलेल्या कोणी, हे त्याला कळत नाही. शब्द भिंतीवर असेल तर तोतयालाही तो ठाऊक असतो. जाळ्याचे नाव लपविणे किंवा ठराविक यंत्रांनाच त्यांच्या पत्त्यावरून प्रवेश देणे, हे पाठ्यपुस्तकांतून अजूनही सुचविले जाणारे उपाय येथे कुचकामी आहेत. लपविलेले नाव जुळणीच्या वेळी हवेत उच्चारावेच लागते, आणि यंत्राचा पत्ता कोणालाही उसना घेता येतो.

या दिशेने विचार करण्याचे मोठे श्रेय पुण्याकडे जाते, याची नोंद मराठीतून फारशी झालेली नाही. बिनतारी घुसखोरी ओळखून थोपविणारी यंत्रणा तयार करणाऱ्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचे संशोधनकार्य पुण्यात चालत असे. (ती पुढे मोजो नेटवर्क्स झाली व २०१८ मध्ये अरिस्टा या अमेरिकन कंपनीत विलीन झाली.) तेथील विवेक रामचंद्रन व मोहंमद सोहेल अहमद यांनी २००७ मध्ये ‘काफे लाते’ या नावाने एक हल्ला मांडला. तोपर्यंत ‘वेप’ फोडायचे तर त्या जाळ्याच्या आसपास जावे लागते, असे सर्वजण धरून चालले होते. या दोघांनी दाखविले की राउटर कोसो दूर असला तरी चालतो. लॅपटॉपच्या स्मरणात त्या जाळ्याची किल्ली साठविलेली असते. जाळ्याचे नाव घेऊन त्याला कोणी साद घातली की तो ‘ओ’ देतो, आणि त्याने आपण होऊन पाठविलेल्या एका कूटबद्ध पॅकेटात थोडा फेरफार करून ते त्यालाच परत पाठविले म्हणजे तो उत्तरांचा वर्षाव करू लागतो. त्या उत्तरांतून, एक कॉफी पिऊन होईल एवढ्या वेळात, किल्ली निघते. म्हणजे पुण्यातील कार्यालयाची किल्ली काशीदच्या वाळूवर उघडलेल्या लॅपटॉपमधून मिळू शकत होती. जाळ्याची हद्द राउटरच्या लहरींपाशी संपते ही कल्पना या एका प्रयोगाने निकालात काढली. ‘वेप’ आज जवळजवळ नामशेष आहे. पण परीक्षणाचा विषय राउटर की वापरकर्त्याचे यंत्र, हा त्या प्रयोगाने उभा केलेला प्रश्न नामशेष झालेला नाही.

दुसरा प्रयोग २०१० चा. मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत १९६ व्या पृष्ठावर अशी कबुली आहे की समूहासाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक किल्लीने बनावट प्रेषक ओळखता येत नाही. सोहेल अहमद यांनी त्या ओळीतून दिसणाऱ्या दोषाला ‘होल १९६’ असे नाव दिले. जाळ्यात रीतसर प्रवेश मिळालेला माणूस राउटर असल्याचा आव आणून इतरांना समूह-संदेश पाठवू शकतो व त्यांचा ओघ आपल्याकडे वळवू शकतो, असा त्याचा मथितार्थ. त्या वेळी यावर टीका झाली ती अशी की यासाठी हल्लेखोर आतला माणूस असावा लागतो, म्हणून दोषाचा डांगोरा अवाजवी आहे; शिवाय शोध लावणारी कंपनीच त्यावरचा उपाय विकते. टीकेचा दुसरा भाग विचार करण्याजोगा आहे. या क्षेत्रात दोष दाखविणारा आणि ताईत विकणारा पुष्कळदा एकच असतो. त्याच कंपनीच्या मंडळींनी २००७ मध्ये प्रतिस्पर्ध्याची ‘वेप’ झाकून वाचविण्याची युक्ती जाहीर सभेत निष्फळ ठरविली, तेव्हा त्यात ज्ञान आणि व्यापार दोन्ही होते. मात्र टीकेचा पहिला भाग आतला व बाहेरचा हा भेद कार्यालयाच्या हिशेबाने करतो. कार्यालयातील आतला माणूस नोकर असतो, त्याचे नाव हजेरीपटावर असते. काशीदच्या निवासात आतला माणूस म्हणजे एक रात्र खोली घेणारा कोणीही. तेथे ‘आतला’ या शब्दाला काही वजन उरत नाही.

रामचंद्रन यांचे बॅकट्रॅक-पाच या संचावरील २०११ चे पुस्तक पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हाती असते, आणि त्याचा एक गुण अनुकरणीय आहे : पहिले प्रकरण स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याचे आहे. दोन लॅपटॉप, एक राउटर, एक योग्य असे बिनतारी कार्ड, आणि जे काही करायचे ते आपल्याच यंत्रांवर. नऊ प्रकरणांपैकी त्यापुढची बहुतेक हल्ल्यांची असून परीक्षणाची पद्धती शेवटच्या प्रकरणात येते. हस्तपुस्तकाला हा क्रम शोभतो. प्रबंधाने तोच क्रम उचलला म्हणजे मात्र विपर्यास होतो. हल्ल्यांची पडद्यावरील चित्रे ऐंशी पाने व्यापतात, आणि ‘उपाय’ या शीर्षकाखाली ‘लांब परवलीचा शब्द वापरावा’ एवढे वाक्य येते. लांब शब्द भिंतीवर लिहिला तर त्याचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

रक्षणाच्या साधनांकडे पाहिले असता हीच उणीव दुसऱ्या बाजूने दिसते. तोतया जाळी ओळखणाऱ्या यंत्रणा बँकांना, कारखान्यांना व विद्यापीठांना परवडतात. सहा खोल्यांच्या निवासाला नाहीत. त्याच्यासाठी जे उपाय आहेत ते साधे असून बहुधा राउटरमध्येच असतात. पाहुण्यांचे जाळे आणि घरचे जाळे वेगळे करणे, पाहुण्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणे, राउटरच्या व्यवस्थापनाचा कारखान्यातून आलेला शब्द बदलणे, आठ आकड्यांच्या पिनची सोय बंद करणे (या पिनला २०११ पासून फार तर अकरा हजार प्रयत्न पुरतात हे ठाऊक आहे), आणि यंत्र पुरेसे नवे असेल तर ‘डब्ल्यूपीए-तीन’ सुरू करणे. या शेवटच्या पद्धतीत शब्द ठाऊक असलेल्या शेजाऱ्यालाही दुसऱ्याचे टिपलेले संभाषण उलगडता येत नाही. तिच्यातही २०१९ मध्ये व्हानहूफ व रोनेन यांनी दोष दाखविले, आणि तोतयाचा प्रश्न सामायिक शब्दाने सुटत नाही तो नाहीच. तरी भिंतीवरच्या पुठ्ठ्याचा सर्वात मोठा तोटा तिने भरून काढला आहे.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. आज बँकेचे, पत्रव्यवहाराचे व बहुतेक संकेतस्थळांचे दळणवळण आपापल्या परीने कूटबद्ध असते. मग हवेतील कूटलेखनाची एवढी चिंता कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि २००८ च्या काळातील भीती आज जशीच्या तशी उगाळणाऱ्या निबंधांना तो लागू पडतो. पाहुण्याच्या खात्यातील पैशाला पूर्वीइतका धोका नाही. परंतु कोण कोणत्या ठिकाणी गेले हे बहुधा कळतेच. आणि निवासाच्या मालकाचे काय? त्याचे कॅमेरे, त्यांचे चित्रण साठविणारे यंत्र, देयके छापणारे यंत्र, पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवलेला संगणक, ही सर्व पुष्कळदा त्याच जाळ्यावर असतात आणि आपसांत उघडपणे बोलतात. ओळख पटविण्यासाठी गोळा केलेली कागदपत्रेच अशा रीतीने गुप्ततेच्या अभावी धोक्यात येतात. कोष्टकांनी एकत्र बांधलेले दोन प्रश्न येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात.

शेवटी परीक्षकाच्या स्वतःच्या स्थानाविषयी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा सारा भर मालकाच्या परवानगीवर आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. आपण केवळ अभ्यासासाठी दार ढकलून पाहिले, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासाठी या कलमांत वेगळी सूट लिहिलेली नाही. रस्त्याने जाताना जाळ्यांची नावे व कूटपद्धती टिपणे आणि एखाद्याच्या जाळ्यातील यंत्राला बळेच तोडून त्याची जुळणी टिपणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाहणी-निबंधांच्या ‘पद्धती’ या प्रकरणात दोन्ही एकाच परिच्छेदात येतात, आणि मालकाची लेखी संमती घेतली होती की नाही याचा उल्लेख कोठेच नसतो. काशीदसारख्या गावात ती मिळविणे अवघड नाही. दहा निवासांच्या मालकांपाशी बसून, त्यांच्या समक्ष त्यांचा राउटर उघडून, भिंतीवरचा शब्द शेवटचा केव्हा बदलला हे विचारून आणि कॅमेरे कोणत्या जाळ्यावर आहेत हे पाहून जी माहिती जमेल, ती हजार जाळ्यांच्या नावांची कोष्टके देऊ शकत नाहीत. अशी पाहणी हाती घेणाऱ्याला किस्मेट लागेल, वायरशार्कही लागेल. एअरक्रॅकची गरज बहुधा पडणार नाही.